समासातला अभिप्राय

वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीनं लिहिणारा वाचक आजवर कुणाला रंगेहाथ सापडलेला नाही. पहिल्याच पानावर जांभळा शिक्का असतो : पुस्तकावर काहीही लिहू नये. त्याच्या खाली बारीक अक्षरात कुणीतरी 'बरं' असं लिहिलेलं असतं. काउंटरवरच्या मॅडम परत आलेलं पुस्तक चाळतात, खोडरबर फिरवतात, 'सापडू दे एकदा' असं पुटपुटतात आणि पुस्तक कपाटात ठेवून देतात. पुढच्या खेपेला खोडलेल्या जागी नवा मजकूर असतो. बहुधा 'खोडलं कुणी?' एवढाच.

सातारा आणि सांगली अशा दोन्ही गावांत मी वर्गणी भरतो. साताऱ्यात घर, सांगलीत बहीण. इकडं घेतलेलं पुस्तक तिकडं वाचून होतं, तिकडचं इकडं, आणि मधल्या एसटीत दोन्हीकडचे समास वाचून होतात. मोठ्यांच्या पुस्तकांतले समास फारसे वाचनीय नसतात, हे आधीच सांगून टाकतो. तिथं निवृत्त मंडळींचं राज्य. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, सन चुकला म्हणून शेजारी खरा सन मांडलेला, खाली सही आणि तारीख. एका ऐतिहासिक कादंबरीत मावळे पौर्णिमेच्या चांदण्यात गड चढतात. समासात कुणीतरी पंचांगाचा हिशेब मांडून त्या रात्री नवमी होती हे सिद्ध केलेलं. मला ते पटलंही. पण गडाखाली थांबलेल्या मावळ्यांची जी हुरहुर मला लागली होती, ती त्या नवमीनं घालवली ती घालवलीच.

खरी मजा येते ती चौदा ते अठरा वर्षांच्या वाचकांच्या हातून गेलेल्या पुस्तकांत. मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. 2004 साली कादंबरी आली, 2011 मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला, आणि अजूनही ती कपाटात फार दिवस बसत नाही. नववीतला मुकुंद जोशी, वर्गातली शिरोडकर, बाहेर आणीबाणी. जाणत्या समीक्षकांनी आणीबाणीच्या पार्श्वभूमीबद्दल पुष्कळ लिहिलंय. समासात मात्र आणीबाणीबद्दल अवाक्षर नाही. तिथं सगळी चर्चा शिरोडकरची. 'बोल की लेका' हा सल्ला एकाच पानावर वेगवेगळ्या अक्षरांत दिलेला आहे. 'बोलून काय होणार हाय' असं एका अनुभवी माणसानं, म्हणजे दहावीतला असावा, खाली लिहिलंय. शेवटच्या पानावर प्रश्न : 'पुढचा भाग कुठं मिळंल?' आणि त्याला निळ्या पेनानं, बहुधा मॅडमच्याच अक्षरात, उत्तर : 'पुढचा भाग नाही. पुस्तक वेळेत जमा करणे.'

राम पटवर्धनांनी मराठीत आणलेल्या 'पाडस'ची गोष्ट निराळी. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची, 1939 सालचं पुलित्झर मिळालेली. फ्लोरिडाच्या रानात राहणारा एक पोरगा आणि त्यानं जीव लावलेलं हरणाचं पिल्लू. शेवट मी इथं सांगत नाही, कारण ज्यांनी वाचलंय त्यांना आठवला तरी पुरे आहे. त्या शेवटाखाली एका वाचकानं कळवळून लिहिलं होतं, 'हे पुस्तक कुणी लहान मुलांना देऊ नका.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मला आईनंच दिलंय.' त्याच्याही खाली तिसऱ्यानं, 'मला पण.' एवढ्या तीन ओळींत जे बोलणं झालं, त्यासाठी आमच्याकडं परिसंवाद भरवतात, अध्यक्ष बोलावतात, आणि श्रीफळ देऊन त्यांना परत पाठवतात.

प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' 1981 ची. हिमालयात रस्ता बांधायला गेलेला तरुण इंजिनिअर. ती वाचून आमच्या भागातल्या किती पोरांनी इंजिनिअरिंगची स्वप्नं पाहिली असतील, सांगता येत नाही. सांगलीत तर इंजिनिअरिंगचं वारं तसंही जुनं, वालचंद कॉलेज 1947 पासूनचं. त्या कादंबरीच्या मधल्या एका पानावर कुणीतरी विचारलंय, 'सिव्हिल घेऊ का?' शेजारी ठाम उत्तर : 'नको. — एक सिव्हिलवाला, तिसरं वर्ष.' आणि त्याच अक्षरात, पाच-पन्नास पानं पुढं, जिथं डोंगर आणि माणूस समोरासमोर उभे राहतात तिथं : 'घे.'

या साऱ्या शेऱ्यांत लेखक कुठंच नसतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. लेखकाची शैली, लेखकाची भूमिका, लेखकाला काय सांगायचंय, या गोष्टी त्या वयात नसतातच. चौदाव्या वर्षी वाचक पुस्तकाबद्दल बोलत नाही. पुस्तकातल्या माणसाशी बोलतो. त्याला दटावतो, सावध करतो, 'जाऊ नको तिकडं' म्हणून ओरडतो. लेखक नावाचा इसम पुढं अकरावी-बारावीत कधीतरी उपटतो, आणि मग शेऱ्यांची जागा अधोरेखनं घेतात. वि. स. खांडेकरांची 'अमृतवेल' उघडून बघा. खांडेकर जन्मानं सांगलीचे, 1898 चे. त्यांच्या पुस्तकात शेरे नसतात. ओळीच्या ओळी पट्टी लावून अधोरेखित केलेल्या असतात, कारण त्या वहीत उतरवून घ्यायच्या असतात आणि वहीतून पुढं कुणाच्या तरी पत्रात जायच्या असतात. आमच्या पिढीत निम्मी प्रेमपत्रं खांडेकरांनीच लिहिली. जमली किती, याची चौकशी मी केलेली नाही.

हेच वाचक शाळेत अभिप्राय लिहितात तेव्हा मात्र ओळखू येत नाहीत. 15 ऑक्टोबर, अब्दुल कलामांची जयंती, आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी एक पुस्तक वाचायचं आणि त्याबद्दल लिहायचं. माझी भाची नववीत आहे. तिनं 'श्यामची आई'वर लिहिलेलं मला वाचायला मिळालं. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं इथपासून सुरुवात, मग मातृप्रेम, मग संस्कार, आणि शेवटी या पुस्तकातून आपणास काय बोध मिळतो याचा स्वतंत्र परिच्छेद. लाल पेनात 'उत्तम'. वही मिटून मी तिला म्हटलं, "आता खरं सांग."

"मामा, श्याम लय रडतोय रे."

"आणि आई?"

तिनं थोडा विचार केला. "आई भारी आहे. पण आपली नको."

याच्यापेक्षा प्रामाणिक परीक्षण त्या पुस्तकाचं मी वाचलेलं नाही. वाचून ती दोन वेळा रडली होती, हे मला तिच्या आईकडून नंतर कळलं. ते परीक्षणात येत नसतं.

भाचीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या बोलण्यातून मी त्यांची मोजपट्टी जमवलीय. सगळ्यात वर 'नाद खुळा'. त्याखाली 'लय भारी'. मग 'भारी', मग नुसतं 'आहे बरं'. उतरत्या बाजूला 'बोअर', त्याखाली 'डोक्यावरनं गेलं'. ही सर्वांत खालची पायरी, असं मी बरेच दिवस समजत होतो. तसं नाही. सर्वांत खालची पायरी म्हणजे, "मामा, हे पुस्तक तुला आवडंल." हे वाक्य त्या पोरी इतक्या आदरानं म्हणतात की ऐकणाऱ्याला आपला सन्मान झाल्यासारखं वाटतं. मला आजवर अशी बरीच पुस्तकं मिळाली आहेत. त्यातली बहुतेक कुठल्या ना कुठल्या समितीनं कुमारांसाठी म्हणून निवडलेली होती.

इथं मूळ दुखणं येतं. आमच्या बहुतेक वाचनालयांत दोन जगं असतात. एक बालविभाग. ठेंगणं कपाट, ठेंगण्या खुर्च्या, भिंतीवर हत्ती. आत इसापनीती, अकबर-बिरबल, थोरांची चरित्रं, 'फास्टर फेणे'चे काही भाग (मधले भाग नेहमी बाहेर गेलेले), आणि बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने दिवाळी अंक. 'किशोर' 1971 पासून निघतंय. त्या मासिकानं जेवढे वाचक घडवले तेवढे आमच्या सगळ्या व्याख्यानमालांनी मिळून घडवले नसतील. दुसरं जग कथा-कादंबरी विभागाचं. तिथं 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'ययाति', सगळी हातात धरून झोपता येणार नाही अशी. या दोन जगांच्या मधे काही नाही. गुडघे ठेंगण्या खुर्चीत मावेनासे झाले की पोरगं उठतं आणि थेट कर्णाच्या रथात जाऊन बसतं. काही टिकतात. पुष्कळसे तिथंच उतरतात आणि पुन्हा वाचनालयात येतात ते स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत, स्वतःची पुस्तकं आणि पाण्याची बाटली घेऊन.

1967 हे साल या बाबतीत मला नेहमी गमतीचं वाटतं. त्या वर्षी आपल्याकडं शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली, खांडेकरांची 'अमृतवेल' आली, आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, ज्याच्या आधारावर आज गावोगावची वाचनालयं अनुदान घेतात. त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावच्या एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी छापली गेली. लिहायला घेतली तेव्हा ती शाळेत होती. आपल्या वयाची पोरं जशी वागतात, मारामाऱ्या करतात, एकमेकांसाठी जीव टाकतात, तशी ती पुस्तकात कुठं सापडेनात म्हणून तिनं स्वतःच लिहायला घेतलं. तिथल्या प्रकाशकांनी त्यावरून धडा घेतला आणि मधल्या वयाचं एक अख्खं कपाट उभं राहिलं. आपल्याकडं ते कपाट पोरांनी चोरून उभं केलं. माझ्या लहानपणी आजोबांच्या कार्डावर बाबूराव अर्नाळकर घ्यायचे, हे ठरलेलं होतं. आजोबा ज्ञानेश्वरीवरची टीका वाचत असायचे आणि त्यांच्या नावावर 'झुंजार' आणि 'काळा पहाड' चढत असायचे. वाचनालयाच्या नोंदवहीवरून कुणी आजोबांचं चरित्र लिहायला घेतलं असतं तर त्यातून फार वेगळे आजोबा निघाले असते.

चोरून वाचण्याची परंपरा अजून आहे. फक्त पुस्तकं बदलली. भाचीच्या दप्तरात इंग्रजी कादंबऱ्या असतात, जॉन ग्रीनच्या वगैरे. वाचते इंग्रजीत, रडते मराठीत. मैत्रिणीला मत सांगते ते अस्सल सांगलीच्या बोलीत. अमेरिकेतल्या दोन आजारी पोरांच्या प्रेमाची गोष्ट ती विश्रामबागच्या भेळेच्या गाडीवर "अगं, शेवटी तो पोरगाच जातोय की गं" अशी सांगत होती तेव्हा शेजारचे एक काका भेळ तशीच धरून हळहळले. कुणाच्या घरची गोष्ट म्हणून त्यांनी ऐकली, देव जाणे.

पण मला खरं हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या वयाच्या वाचकांसाठी मराठीत ज्यांनी सर्वांत चांगलं लिहिलं, त्यातली दोन माणसं आमच्याच रुळांवरची, आणि आमच्याच पोरांना त्याचा पत्ता नाही. साताऱ्याहून कोल्हापूरच्या गाडीत बसा. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर जातं आणि कराड येतं. स्टेशन ओगलेवाडीला, गाव लांब. या कराडात भूगर्भशास्त्र शिकवणारे भालचंद्र गोपाळ दीक्षित नावाचे प्राध्यापक राहत होते. कवयित्री इंदिरा संत यांचे हे चिरंजीव. लिहिताना ते प्रकाश नारायण संत होत. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि त्यांच्या मृत्यूनंतर आलेलं 'झुंबर' : या चार पुस्तकांत त्यांनी लंपन नावाचा एक मुलगा असा उभा केला की त्याच्या वयाचे वाचक त्याला कुणाचीही निर्मिती मानायला तयार नाहीत. पुस्तकं कथासंग्रहांची, हे खरं. पण वाचणारा ती एका कादंबरीसारखीच वाचतो, आणि मीही या बाबतीत ग्रंथपालांच्या वर्गवारीपेक्षा वाचकाचं ऐकतो. लंपन बेळगावकडचा. त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली. आमच्या जत तालुक्यातल्या पोराला त्या पुस्तकांना तळटीप लागत नाही. आणि लंपनच्या 'मॅड'ची लागण तर कुणालाच चुकत नाही. 'वनवास'च्या प्रतीत समासात जिथं तिथं 'मॅडसारखं आवडलं', 'मॅडसारखं रडू आलं', आणि एका ठिकाणी, अगदी घरगुती अडचण, 'आई मॅडसारखी हाका मारतीय, जेवून येतो.' संत 2003 मध्ये गेले. 2024 मध्ये लंपनवर मालिका आली, तेव्हा भाचीच्या एका मैत्रिणीनं मला सांगितलं, "काका, त्याच्यावर पुस्तक पण निघालंय."

कराड सोडून गाडी शेणोली, ताकारी करत किर्लोस्करवाडीला येते. 1910 साली औंध संस्थानच्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, नांगर केले, आणि त्या नांगरांच्या आवाजात दहा वर्षांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रकही सुरू झालं. त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. या मासिकांच्या कामात ना. धों. ताम्हनकर होते. 'गोट्या' त्यांचा. 'चिंगी' आणि 'दाजी'ही त्यांचेच. गोट्या दूरदर्शनवर आला तेव्हा आम्ही सगळे आपापल्या वयाला न शोभेल इतके रडलो. आज किर्लोस्करवाडीच्या फलाटावर पंपांचा इतिहास सांगणारी माणसं भेटतील, गोट्याबद्दल विचारलं तर "कुठला गोट्या? आडनाव सांगा" असं ऐकून घ्यावं लागतं. मला ऐकावं लागलं. मी आडनाव सांगू शकलो नाही.

त्याच गाडीनं आणखी थोडं पुढं भिलवडी. तिथून औदुंबर जवळ, जिथं कवी सुधांशूंच्या गावी संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, 1939 पासून. शेजारचं अंकलखोप आता पुस्तकांचं गाव म्हणून निवडलं गेलंय. वाळव्याच्या बाजूला वाटेगाव, अण्णा भाऊ साठ्यांचं. त्यांच्या 'फकिरा'ला 1961 साली राज्य पुरस्कार मिळाला. 'फकिरा' कुमार वाङ्मय आहे असं कुठल्याही यादीत लिहिलेलं नाही. पण वाळवा-शिराळ्याच्या वाचनालयांत त्याची प्रत बघा : बाइंडिंग पुन्हा पुन्हा केलेलं, कोपरे झिजून गोल झालेले, मागची तारखांची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. ती प्रत काही प्राध्यापकांनी झिजवलेली नाही. समासात शेरे जवळपास नाहीतच. घोड्यावर बसलेला माणूस पेन्सिल कशाला काढेल?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत चढलं, तेव्हा वाचनालयांतही शिरलं. पुस्तकांचा लगदा झाला. ज्या थोड्या प्रती उन्हात वाळवून वाचल्या, त्यातली एक पुढं माझ्या हाती आली. शिक्क्याची जांभळी शाई पानभर पसरलेली, 'काहीही लिहू नये' मधलं एकही अक्षर लागत नाही. पेन्सिलीचे शेरे जसेच्या तसे. शिसं पाण्यात विरघळत नाही, हे रसायनशास्त्र झालं. पण नियम वाहून गेला आणि नियम मोडणारे टिकले, हे बघून मॅडमनाही हसू आवरलं नाही.

आता अभिप्रायाचा दुसरा, अधिकृत प्रकार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे भिलार आहे. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून आधी प्रसिद्ध होतं, 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली कल्पना, पण तिथं पुस्तकं विकतात, इथं नुसती वाचायला ठेवतात. घरांत, देवळात, शाळेत कपाटं. कुठल्या घरात कुठला प्रकार ते बाहेर रंगवलेलं. कुणाच्याही ओसरीवर बसा, कुणी उठवत नाही. भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन गेलो होतो. तिघी बालसाहित्याच्या घरी गेल्या, पाहुणचारापुरत्या थांबल्या, आणि मग चरित्रं, विनोद, इतिहास अशी घरं बदलत तासाभरानं कादंबऱ्यांपाशी सापडल्या. मधल्या वयाचं घर त्या शोधत होत्या आणि ते गावात कुणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं. शेवटी एकीनं लंपन काढला, मोठ्यानं वाचायला लागली, आणि बाकीच्या दोघी दर ओळीला "थांब थांब" म्हणून भांडायला लागल्या. घरातल्या आजी तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "त्या पोराला तेवढं घरी पाठवा की आता." अभिप्राय द्यायला वयाची अट नसते, हे त्यातून कळलं. नाही म्हणायला त्या आजीही पुस्तकातल्या माणसाशीच बोलत होत्या.

निघताना कुठल्याही उपक्रमात असते तशी वही पुढं आली. त्या वह्यांचं मराठी आपल्याला पाठ आहे. 'अतिशय स्तुत्य उपक्रम. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव घालावं तसं प्रत्येकजण तेच लिहून खाली नाव घालतो. मीही लिहिलं, हात आपोआप चालला. भाचीनं वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'आमच्या वयाची पुस्तकं कमी आहेत. स्ट्रॉबेरी नाद खुळा.' मैत्रिणी म्हणाल्या, असं लिहितात का. मी म्हटलं, लिहू दे. त्या वहीत त्या दिवशी पुस्तकांबद्दल काही म्हटलेलं तेवढंच होतं.

माझं म्हणणं साधं आहे. कुमारांनी काय वाचावं याबद्दल आपल्याकडं भरपूर बोललं जातं, आणि ते बोलणारे सगळे चाळिशीच्या पुढचे असतात, मी धरून. संस्कार, मूल्यं, भाषा, सगळं मान्य. पण ज्यानं कादंबरी वाचली, त्याला ती कशी वाटली हे कळायची आज एकच जागा उरलीय, आणि तिथं लिहायला मनाई आहे. शासनमान्य वाचनालयाला अनुदानातून दरवर्षी ग्रंथखरेदी करावीच लागते. मार्चअखेर जवळ आली की यादी होते, ती कशी होते हे मी पाहिलंय. कुणी ओळखीच्या प्रकाशकाची यादी आणतं, कुणी स्वतःच्या मेहुण्याचा कवितासंग्रह, आणि कुमार विभागाच्या नावानं थोरांची आणखी काही चरित्रं घेऊन विषय संपतो. टिळक, आगरकर, कर्मवीर आमच्या बालविभागात इतक्या प्रतींत आहेत की त्यांची आपसांत सभा भरावी.

तुमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर तुम्ही असाल, किंवा तिथं तुमचं कुणी ऐकत असेल, तर यंदाच्या खरेदी समितीत नववी-दहावीतली दोन मुलं घ्या. एक मुलगी, एक मुलगा. मतदानाचा हक्क देऊन घ्या, नुसतं चहा द्यायला नको. ती जे मागतील त्यातलं निम्मं तुम्हाला पटणार नाही. ते आधी आणा. आणि बैठक सायंकाळी पाच ते आठच्या मधे ठेवू नका, त्या वेळी सगळी पोरं क्लासला असतात.